टाकलेली मुले, दूधआया आणि शिशाचा बिल्ला: लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलवर छोटा मजकूर दिला होता. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: थॉमस कोरम या जहाजधंद्यातल्या माणसाने सतरा वर्षे खटपट करून १७३९ साली राजा दुसरा जॉर्ज याच्याकडून सनद मिळवली. १७४१ साली पहिली तान्ही मुले आत घेतली गेली आणि १९५४ साली वसतिगृह बंद झाले. नावात हॉस्पिटल असले तरी ते रुग्णालय नव्हते. आईबापांना सांभाळणे अशक्य झालेल्या मुलांचे ते बालकगृह होते. २५,००० च्या आसपास मुले तिथून गेली. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत एकच कुतूहल दिसले, की हे सगळे प्रत्यक्षात चालवत कोण होते. म्हणून उत्तरांतही कामाच्या माणसांवरच भर दिला आहे.

प्रश्न (समाजकार्याची विद्यार्थिनी, पुणे): मूल आत घेताना नेमकी पद्धत काय होती? आईला नाव सांगावे लागत होते का?

पद्धत काळानुसार बदलत गेली. २५ मार्च १७४१ रोजी हॅटन गार्डनमधल्या एका तात्पुरत्या घरात रात्री आठ वाजता पहिल्यांदा दार उघडले. कोण आले ते दिसू नये म्हणून दारातला दिवा मालवून ठेवला होता. मूल आणणाऱ्या व्यक्तीने आत येऊन घंटा वाजवायची आणि मूल स्वीकारल्याचे कळेपर्यंत थांबायचे. नाव-गाव कोणी विचारायचे नाही असा नियमच होता. मूल दोन महिन्यांच्या आतले हवे. गुप्तरोग, गंडमाळा किंवा कुष्ठ यांची शंका आली तर ते परत दिले जाई. त्या रात्री १८ मुलगे आणि १२ मुली घेतल्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास जागा संपली. बाहेर गर्दी तशीच उभी होती, तिला पहारेकऱ्याने जाऊन सांगितले की आता घर भरले.

दारातली ही ओढाताण टाळण्यासाठी १७४२ पासून गोट्यांची सोडत सुरू झाली. आईने पिशवीत हात घालून एक गोटी काढायची. पांढरी निघाली तर मूल तपासणीला आत. काळी निघाली तर मूल घेऊन परत. लाल निघाली तर थांबायचे, कारण पांढऱ्या गोटीचे एखादे मूल रोगी निघाले तर ती जागा लाल गोटीवाल्या आयांपैकी एकीला मिळणार. वशिला चालत नाही या अर्थाने ही पद्धत चोख होती. पण सोडत पाहायला शहरातल्या बड्या घरच्या बायका येऊन बसत, आणि पोटचे पोर छातीशी धरलेल्या बाईने त्यांच्या समोर गोटी काढायची, हे आज वाचतानाही जिवाला लागते.

आत घेतल्यावरचे काम मात्र कारखान्यासारखे शिस्तीत चाले. मुलाला क्रमांक मिळे. कारकून एक छापील फॉर्म भरे, त्याला ‘बिलेट’ म्हणत. त्यावर तारीख, मुलगा की मुलगी, अंदाजे वय, अंगावरची खूण आणि कपड्यांची छापील यादी असे: टोपडे, कपाळपट्टी, झबले, अंगरखा, दुपटे, लंगोट, मोजे, अशी पुष्कळ नावे. जे अंगावर असेल त्यापुढे नोंद करायची. मुलाच्या कपड्यातला एक तुकडा कापून किंवा आईने ओळखीसाठी दिलेली वस्तू, म्हणजे खूण, घेऊन ती बिलेटला टाचायची, कागदाची घडी घालून ती मोहोरबंद करायची आणि वर क्रमांक टाकायचा. आई परत आलीच तर ही घडी फोडायची, एरवी नाही. मग संस्थेचे कपडे, बाप्तिस्मा आणि नवे नाव. आईने ठेवलेले नाव इथेच संपत असे. शेवटी तोच क्रमांक ठोकलेला शिशाचा बिल्ला गळ्यात बांधायचा. तो काढायचा नाही अशी दूधआईला सक्त ताकीद असे, कारण वर्षभराची दोन मुले अदलाबदल झाली तर ओळखायला दुसरे साधन नव्हते.

प्रश्न (निवृत्त परिचारिका, सांगली): इतक्या तान्ह्या मुलांना दूध कुठून मिळत होते? वरच्या दुधावर ठेवली असतील तर ती जगली कशी?

वरच्या दुधावरची बहुतेक जगली नाहीत. या संस्थेचा सगळा इतिहास तुमच्या प्रश्नाभोवती फिरतो.

सुरुवातीला काही मुलांना अंगावरचे दूध आणि काहींना पेजेसारखे अन्न, असे दोन्ही करून पाहिले गेले. पावाचा चुरा पाण्यात किंवा दुधात शिजवून तो चमच्याने किंवा बोंडल्याने भरवायचा, ही तेव्हा इंग्लंडमधली रूढ रीत होती. त्यात काय बिघडते हे तुम्हाला सांगायला नको. शहरातले दूध शिळे आणि पाणी घातलेले असे. भांडे उकळायची कल्पनाच नव्हती, त्यामुळे नळीत साचलेल्या कणांत जंतू वाढत. अंगावरच्या दुधातून मिळणारे संरक्षण मुळीच नाही. जुलाब सुरू झाले की चार दिवसांत खेळ संपे. वर रडणारे मूल गप्प करायला अफूची औषधे सर्रास दिली जात. अंगावर पाजलेली मुले जास्त जगतात हे विश्वस्तांच्या लवकर ध्यानात आले आणि त्यांनी धोरण ठरवले: मूल लंडनमध्ये ठेवायचेच नाही, शक्य तितक्या लवकर गावाकडच्या दूधआईकडे पाठवायचे.

या दूधआया म्हणजे सरे, केंट, एसेक्स, बर्कशर, हर्टफर्डशर अशा भागांतल्या शेतमजुरांच्या बायका. पुढे मुले पार यॉर्कशरपर्यंत जात. कधी बाई स्वतः लंडनला येऊन मूल घेऊन जाई, कधी संस्थेची गाडी मुले घेऊन गावी जाई. अंगावर पाजण्याचे आठवड्याला २ शिलिंग ६ पेन्स मिळत. वर्षाचे गणित ६ पौंड १० शिलिंग होते, आणि मजुराच्या घरात ही रक्कम लहान नव्हती. यावर एक शहाणपणाची अट होती. मूल वर्षभर जगले तर १० शिलिंग बक्षीस. मूल दगावले तर पगार त्याच दिवशी बंद.

गावात देखरेखीला इन्स्पेक्टर असत: पाद्री, जमीनदार, डॉक्टर आणि त्यांच्या घरच्या बायका. त्यांना पगार नव्हता. काम मात्र भरपूर होते. दूधआई निवडायची, तिचे स्वतःचे मूल किती महिन्यांचे आहे आणि दूध पुरेसे आहे का ते पाहायचे, तिचा पैसा चुकता करायचा, लंडनहून आलेले कपडे आणि जोडे वाटायचे, आजारपण कळवायचे, मूल गेले तर पुरायची व्यवस्था करून बिल्ला आणि हिशेब परत पाठवायचा. अठराव्या शतकात इतक्या बायका एका मोठ्या संस्थेच्या कारभारात जबाबदारीने काम करत होत्या, ही गोष्ट इतिहासात फारच कमी सांगितली जाते. ज्या गावी इन्स्पेक्टर नेमाने घरोघर फिरे तिथली मुले टिकत. जिथे तो वर्षातून एकदा डोकावे तिथे एकाच बाईकडे दोन-दोन तान्ही मुले सापडत.

आणखी एक धोका होता. जन्मतः उपदंश असलेल्या मुलाने दूधआईला आणि तिच्यामार्फत तिच्या घराला रोग दिल्याची उदाहरणे होती. दारातल्या तपासणीत गुप्तरोगावर इतका कटाक्ष होता तो यामुळेच. विल्यम कॅडोगन या डॉक्टरांनी १७४८ साली बालसंगोपनावर एक निबंध लिहिला आणि तो संस्थेने छापवला. तान्ह्याला घट्ट गुंडाळू नका, कपडे सैल आणि हलके ठेवा, आईचे दूध द्या, सारखे भरवू नका, असे त्यांचे सांगणे होते. आज हे साधे वाटते, पण त्या काळी मुलाला आवळून बांधणे हीच माया समजली जाई. देवी टोचण्यातही, म्हणजे देवीच्या फोडातला स्राव टोचण्याच्या जुन्या पद्धतीतही, ही संस्था पुढे होती. १७४० च्या दशकापासून तिथल्या मुलांना टोचून घेतले जाई, आणि तेव्हा जेनरची लस यायला अर्धे शतक होते.

पाचव्या वर्षाच्या सुमारास मूल दूधआईकडून काढून लंडनला आणत. मुलाला तोवर तीच आई माहीत असे. काही बायांनी मूल आम्हालाच राहू द्या म्हणून अर्ज केले, आणि काहींनी ते पुढे उमेदवार म्हणून, म्हणजे कराराने काम शिकायला, आपल्याच घरी मागून घेतले. खर्चाच्या दृष्टीने ही ताटातूट सोयीची असेल, पण संस्थेच्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी चूक आमच्या मते हीच, आणि ती विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली.

प्रश्न (नाशिक): दाराशी टोपली टांगून सगळ्यांची मुले घेतली, त्यामुळे मृत्यू वाढले असे वाचले. मदत वाढवल्यावर मृत्यू कसे वाढतील?

वाढले, हे खरे आहे. पार्लमेंटने १०,००० पौंड मंजूर केले ते एका अटीवर: आलेले कोणतेही मूल परत करायचे नाही. २ जून १७५६ पासून फाटकाशी टोपली टांगली. मूल ठेवायचे, घंटा वाजवायची आणि निघून जायचे. पहिल्याच दिवशी ११७ मुले आली. २५ मार्च १७६० रोजी हा प्रयोग बंद झाला तोपर्यंत आकडा १४,९३४ वर गेला होता. त्यांपैकी उमेदवारीच्या वयापर्यंत सुमारे ४,४०० पोचली.

कारणे एकात एक गुंतलेली आहेत. तपासणी उठल्यामुळे मरणपंथाला लागलेली मुलेही येऊ लागली. पुरण्याचा खर्च वाचवायला काहींनी ती आणून ठेवली. वयाची अट दोन महिन्यांवरून सहा आणि पुढे बारा महिन्यांपर्यंत सैल झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातून पैसे घेऊन मुले पोचवणारे वाटाडे निर्माण झाले. घोड्याच्या दोन बाजूंच्या टोपल्यांत चार-पाच तान्ही घालून ते दोनशे मैल चालत, आणि दूध न मिळालेले मूल पोचेपर्यंत अर्धमेले होई किंवा वाटेतच जाई. गावच्या गरीबनिधीचे अधिकारीही आपल्यावरचा भार टाळायला अविवाहित आयांची मुले दडपणाने काढून लंडनला धाडत.

पण खरा तुटवडा दूधआयांचा होता, आणि हा मुद्दा बहुतेक लेखांतून सुटतो. पैसा मंजूर करून खाटा वाढवता येतात, अंगावरचे दूध वाढवता येत नाही. नुकती बाळंत झालेली, निरोगी, इन्स्पेक्टरच्या नजरेतली बाई दर आठवड्याला डझनांनी मिळणार कुठून? मग निवडीची अट ढिली झाली, मुले लंडनमध्ये वाट पाहत पडून राहिली आणि पुन्हा पेज सुरू झाली. गर्दी निवळावी म्हणून अ‍ॅकवर्थ, श्रूझबरी, वेस्टरहॅम, एल्सबरी, चेस्टर आणि बार्नेट इथे शाखा काढल्या. अ‍ॅकवर्थची इमारत पुढे १७७९ साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शाळेकडे गेली आणि ती शाळा आजही चालू आहे.

या अनुभवातून एक चांगली गोष्ट निघाली. संस्थेचे विश्वस्त जोनास हॅनवे यांच्या खटपटीने १७६७ साली कायदा झाला आणि लंडनच्या गरीबखान्यांतली तान्ही मुलेही गावाकडच्या दायांकडे पाठवणे बंधनकारक झाले.

प्रश्न (ठाणे): संग्रहालयात आयांनी ठेवलेल्या खुणा पाहिल्या: अंगठी, अर्धे नाणे, रिबन. कोणती खूण कोणत्या मुलाची हे फलकावर का लिहिलेले नसते?

कारण मधल्या काळात ती जोडणी तुटली. खुणा मुळात बिलेटच्या घडीत होत्या. १८६० च्या दशकात त्यांतल्या वेधक वस्तू निवडून लोकांना पाहण्यासाठी बाहेर मांडल्या गेल्या आणि कोणत्या क्रमांकाच्या घडीतून काय काढले याची नोंद राहिली नाही. अलीकडे संशोधकांनी बिलेटवर उमटलेला गंज, टाचणीची भोके, कारकुनाने लिहिलेले वर्णन यांवरून बऱ्याच खुणा पुन्हा मुलांशी जोडल्या आहेत. वस्तू आणि कागद एकमेकांपासून वेगळे करू नयेत, हे कोणत्याही गावच्या जुन्या संस्थेचे कपाट आवरणाऱ्याने लक्षात ठेवावे.

खूण म्हणजे बहुधा दागिना, अशी समजूत त्या काचेच्या कपाटांमुळे होते. बहुसंख्य खुणा कापडाच्या आहेत. पाच हजारांवर तुकडे नोंदवह्यांत अजून टाचलेले आहेत आणि अठराव्या शतकातल्या सामान्य बायकांच्या कपड्यांचा ब्रिटनमधला हा सर्वांत मोठा संग्रह आहे. कापडाचा अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकांना एक तपशील आवडेल. हिंदुस्थानी चिटांनी, म्हणजे छापील सुती कापडांनी, तिथल्या विणकरांचे पोट मारले म्हणून इंग्लंडने १७२२ पासून छापील सुती कापड अंगावर घालण्यावर बंदी आणली होती, ती १७७४ पर्यंत टिकली. त्यामुळे या वह्यांत चिटेची नक्कल केलेले फुलाफुलांचे लिननचे किंवा लिनन-सूत मिश्रणाचे तुकडे पुष्कळ दिसतात.

खुणेचा उपयोग किती झाला? १७४१ ते १७६० या काळात आत घेतलेल्या १६,२८२ मुलांपैकी १५२ मुले परत नेली गेली. पुढे संस्था लेखी पावती देऊ लागली आणि खुणांची गरज संपली.

प्रश्न (फलटण): ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले यांचे बालहत्या प्रतिबंधक गृह याच नमुन्याचे होते का?

हेतूत साम्य आहे, कामात मोठा फरक आहे. लंडनची संस्था फक्त मूल घेई. आईच्या बाळंतपणाशी तिचा संबंध नव्हता. १८६३ साली पुण्यात फुले दांपत्याने विधवेला गुपचूप आणि सुखरूप बाळंत होण्याची सोय स्वतःच्या देखरेखीखाली केली आणि मूल ठेवून जायचे की घेऊन जायचे हे तिच्यावर सोडले. तिथे बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. लंडनमध्ये तर १८०१ नंतर नियम अधिकच कडक झाले: पहिलेच मूल, आई अविवाहित, बापाने सोडून दिलेली, पूर्वीचे वर्तन चांगले, आणि हे सगळे विश्वस्तांसमोर उभे राहून सिद्ध करायचे. आज आपल्याकडे शिशुगृहाबाहेर पाळणा असतो, आणि मूल रीतसर सोपवणाऱ्या आईला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने विचार बदलण्यासाठी दोन महिने दिले आहेत. त्या गोटी काढणाऱ्या बाईला दोन तासही मिळत नव्हते.

प्रश्न (कोल्हापूर): मुख्य इमारतीत पगारी माणसे कोण होती? आणि हँडेल, होगार्थ यांचा संबंध काय?

सचिव, स्टुअर्ड म्हणजे कोठी आणि खर्च पाहणारा, मेट्रन, औषधवाला, शिक्षक, स्वयंपाकी, धोबिणी, फाटकावरचा पहारेकरी. मेट्रनच्या हाती मुलींचा विभाग, दाया आणि कपडे असत. खालची पुष्कळ कामे तिथेच वाढलेल्या मुली करत. जॉन ब्राउनलो हे स्वतः तिथले टाकलेले मूल. कारकुनीपासून चढत १८४९ साली ते संस्थेचे सचिव झाले आणि त्यांनी तिचा इतिहासही लिहिला.

चित्रकार होगार्थ विश्वस्त होते, त्यांनी कोरम यांचे चित्र काढून दिले आणि इतर चित्रकारांनाही चित्रे द्यायला लावले. संगीतकार हँडेल यांनी चॅपेलला ऑर्गन दिला आणि १७५० पासून ‘मसाया’ या आपल्या संगीतरचनेचे प्रयोग करून भरपूर निधी मिळवून दिला. याबद्दल इतरत्र विपुल लिहिलेले आहे.

प्रश्न (सातारा): मोठी झाल्यावर मुलांचे काय होत असे? मालकांची चौकशी कोण करी?

दहा-बारा वर्षांची झाली की करार करून उमेदवारीला देत. मुलगे शेती, जहाज, कारागिरी यांत. मुली बहुतेक घरकामाला. मुली २१ व्या वर्षापर्यंत किंवा लग्न होईपर्यंत बांधलेल्या असत. एकोणिसाव्या शतकात चॅपेलमध्ये संगीत शिकलेले कितीतरी मुलगे सैन्याच्या बँडमध्ये गेले.

चौकशी हा कच्चा दुवा होता. तान्ह्याच्या घरी इन्स्पेक्टर जाई, उमेदवाराच्या घरी नेमाने जाणारे कोणी नव्हते. लंडनच्या एलिझाबेथ ब्राउनरिगकडे दिलेली मेरी जोन्स ही मुलगी मारहाणीने बेजार होऊन पळाली आणि संस्थेत परत आली. संस्थेने ब्राउनरिगच्या नवऱ्याला वकिलामार्फत ताकीद दिली आणि मुलीला सोडवले, पण खटला केला नाही. त्या घरात गरीबखान्यातून आलेली मेरी क्लिफर्ड पुढे छळाने मेली आणि १७६७ साली ब्राउनरिगला फाशी झाली. त्या ताकिदीच्या जागी खटला भरला असता तर दुसरी मुलगी वाचण्याची संधी होती, असे आम्हाला स्पष्ट वाटते. १७६० च्या दशकात उमेदवारीला द्यायच्या मुलांची संख्या एकदम फुगली होती, आणि ज्या काळात मालक सर्वांत काळजीने पाहायला हवे होते त्याच काळात घाईने मुले दिली गेली.

प्रश्न (लंडनमध्ये राहणारी मराठी वाचक): जागेवर आज काय पाहायला मिळते? आणि एखाद्या मुलाची नोंद शोधायची तर सुरुवात कुठून करावी?

मूळ इमारत नाही. १९२६ साली जागा विकून मुले रेडहिलला हलवली, १९३५ साली बर्कहॅमस्टेडला नव्या इमारतीत नेली. १९५४ नंतर तिथे अ‍ॅशलिन्स स्कूल आहे. लंडनच्या जागेपैकी सात एकर ‘कोरम्स फील्ड्स’ नावाने मुलांचे मैदान म्हणून राखले आहे. सोबत मूल नसेल तर मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत, तेव्हा भाचरे बरोबर न्या. शेजारी ४० ब्रन्सविक स्क्वेअरला संग्रहालय आहे. विश्वस्तांच्या बैठकीची जुनी खोली छतासकट उचलून तिथे बसवली आहे. संस्था ‘कोरम’ या नावाने दत्तक आणि बालकल्याणाचे काम आजही करते.

कागदपत्रे क्लार्कनवेलमधल्या ‘द लंडन आर्काइव्ह्ज’मध्ये आहेत आणि त्यांतला मोठा भाग ऑनलाइन पाहता येतो. अलीकडच्या शंभराहून अधिक वर्षांच्या वैयक्तिक फाइली मात्र सर्वांना खुल्या नाहीत. वारसांनी ‘कोरम’कडे अर्ज करावा. अठराव्या शतकातले मूल असेल तर क्रम असा ठेवा. संस्थेने दिलेले नाव किंवा आत घेतल्याची तारीख धरून सर्वसाधारण नोंदवहीतून क्रमांक काढा. त्या क्रमांकाने बिलेट पाहा, मग दाईकडे पाठवल्याची वही, मग उमेदवारीची वही. दाईच्या वहीत इन्स्पेक्टरचे नाव आणि गाव मिळते, त्यावरून त्या गावच्या दफनाच्या नोंदी तपासता येतात. एकोणिसाव्या शतकासाठी आईचा अर्ज सर्वांत मोलाचा, कारण त्यात तिची जबानी, मालकिणीचे नाव आणि बापाचा ठावठिकाणा असतो. नाकारलेले अर्जही जपलेले आहेत. दोन चुका हमखास होतात. जन्मनावाने शोध सुरू केला की काहीच सापडत नाही, कारण मूल नोंदले गेले ते नव्या नावाने. आणि तेच नाव पुन्हा पुन्हा दिले जाई, तेव्हा नाव जुळले म्हणून थांबू नका, क्रमांक जुळवा.